तिरकी नळी
(गणेशोत्सवातील भाषणावरून)



घरच्या गॅरेजात मोटार बांधणारे आम्ही काही पहिले नाही. बांधकामशास्त्र शिकलेल्या कॉलिन चॅपमन यांनी १९४८ साली लंडनमध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली गाडी तयार केली. १९५७ मध्ये त्यांची लोटस सेव्हन आली. तिचा कित्ता आजही जगभर घरोघर गिरवला जातो. आम्ही चौघांनीही इथे इंदुरात तेच केले. रस्त्यासाठी नव्हे, बंद ट्रॅकसाठी.

सांगाडा म्हणजे २५ मिलिमीटरच्या चौकोनी नळ्यांची जाळी. चार काड्यांचा चौकोन करून कोपरा दाबा, तो कलंडतो. त्यात एक तिरकी काडी बांधा, तो ताठ राहतो. सगळे शास्त्र त्यात आले. सांगाडाच पिळला, तर स्प्रिंगा कितीही जुळवा, व्यर्थ. म्हणून आम्ही मागची बाजू पक्की बांधली, पुढे आडवी तुळई लावली आणि मध्यापासून एक मीटरवर ३० किलो वजन टांगले. पीळ स्पष्ट दिसला. इंजिनाच्या खणात एक तिरकी नळी जोडली. वजन किलोभर वाढले, पीळ मात्र बराच कमी झाला.

पुढच्या चाकांना दुहेरी विशबोन आहेत. वरचा आखूड, खालचा लांब; त्यामुळे वळणावर गाडी झुकली तरी बाहेरचे चाक रस्त्यावर बरेचसे उभे राहते.

चूक झाली ती इथेच. जागा नव्हती म्हणून स्टिअरिंगची रॅक आम्ही थोडी वर बसवली. टाय रॉड आणि विशबोन वेगवेगळ्या कमानीत फिरू लागले. स्प्रिंग काढून चाक ४ सेंटीमीटर उचलले, तर हात न लावता ते स्वतःच वळले! म्हणजे खड्डा आला की गाडी आपल्या मनाने दिशा बदलणार.

गणपतीच्या आत गाडी मंडळाच्या अंगणात आणू, असा शब्द दिला होता. ‘हळू चालवू, कोणाला कळतंय?’ असेही आमच्यातच कोणी म्हणाले. पण त्या सीटवर आमचीच मुले बसायची होती. ब्रॅकेट कापले, नवे खाली जोडायला घेतले, आणि शब्द मोडला.

म्हणून यंदा अंगणात गाडी नाही, नुसता सांगाडा आहे. मुलांना घेऊन या. शेजारी काड्या आणि सुतळी ठेवली आहे; चौकोन त्यांनाच दाबून पाहू द्या.

गणपती बाप्पा मोरया!