घर कुणी निवडलं?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला विषय दिलाय 'मुंबईत आणि आसपास राहायचं कुठे'. मी सुरुवात एका प्रश्नाने करते. आज तुम्ही राहता ते घर कुणी निवडलं? वस्तीतल्या बैठकीत हे विचारलं की आधी हशा पिकतो. मग कुणी म्हणते सासऱ्यांनी, कुणी म्हणते यांच्या मित्राने दाखवलं. 'मी पसंत केलं' म्हणणारी एखादीच.

आमच्या केंद्रात आलेल्या एका बाईची हकीकत सांगते. ती धारावीत भाड्याच्या खोलीत राहायची आणि माटुंग्याला चार घरी स्वयंपाक करायची. चालत जायची, दुपारी घरी येऊन मुलांना वाढायची, पुन्हा संध्याकाळच्या कामाला. नवरा रंगकाम करणारा. त्याने बदलापूरला जागा पाहिली आणि ठरवूनच घरी आला. भाडं कमी, जागा मोठी, नळ घरात, संडास घरात. तिलाही आनंद झाला, आणि तो काही खोटा नव्हता. सार्वजनिक संडासाच्या रांगेत जिने वर्षं काढली तिला घरातला संडास म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून 'लांब जाऊ नका' असा उपदेश मी करणार नाही.

पण हिशेब नीट मांडायला हवा. नवऱ्याला बदलापूरच्या नव्या इमारतींतच काम मिळालं. तिला मात्र पहाटेची लोकल, दादरपर्यंतच सव्वा तासाच्या वर, तेही गाडी वेळेवर असली तर. सकाळची दोन कामं टिकली, संध्याकाळची दोन सुटली. पासाचे पैसे तिच्याच कमाईतून. पाणी भरणं, कुकर लावणं, धाकट्याला शाळेत सोडणं आठवीतल्या मुलीकडे आलं. भाड्यात जे वाचलं ते कुणाच्या अंगावरून वाचलं, हे घरात कुणी विचारलं नाही.

आणि मारहाण. ती धारावीतही होतीच. पण तिथे आवाज चढला की शेजारीण पत्र्यावर थाप मारायची, प्रसंगी दारात येऊन उभी राहायची. इथे फ्लॅटचं दार लागलं की लागलं. आमच्यापर्यंत पोहोचायला तिला सात महिने लागले. घर बदलताना बाईची अशी माणसं मागे राहतात, आणि जागेची जाहिरात करणारा त्याबद्दल काही बोलत नाही.

सरकारी पुनर्वसनातही बाईचं काम कुठे आहे, हे कुणी पाहत नाही. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडल्यावर कुटुंबांना माहुलला धाडलं, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. हवेचा त्रास झालाच, शिवाय जुन्या वस्तीच्या आसपासची घरकामं तुटली. तिथल्या बायका रस्त्यावर बसून लढल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या लोकांवर माहुलची सक्ती करता येणार नाही असं म्हटलं, आणि दुसरी घरं देता येत नसतील तर महिना १५,००० रुपये भाडं द्यायला सांगितलं.

आता भाड्याचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. पण भाडेकरू म्हणून नाव बहुतेक वेळा नवऱ्याचं एकट्याचं. करार करायला जाताना बाईने सोबत जावं आणि आपलं नाव घालायला लावावं. खर्च काही वाढत नाही.

एकट्या बाईची तऱ्हा वेगळीच. मी एमएसडब्ल्यू करून दहा वर्षं नोकरी करते आहे. चौतिसाव्या वर्षी एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला 'बॅचलर' म्हणून नाकारलं, दुसऱ्यांनी वडिलांचं पत्र मागितलं. माझे वडील वारले आहेत म्हटल्यावर विचारलं, "मग भाऊ?" बाहेर येऊन मी हसले, पण त्या महिन्यात जागा मिळाली नाही.

त्या बाईला आम्ही सांगितलं की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे तुला त्या घरात राहण्याचा हक्क आहे. घर भाड्याचं असो, करार नवऱ्याच्या नावावर असो. मला वाटलं, तिला धीर येईल. ती म्हणाली, "ताई, ते घर मला नकोच. ते मी कधी मागितलं होतं? मला कामाजवळ खोली पाहिजे." आमच्या कार्यकर्त्यांच्या डोक्यात घर वाचवणं इतकं बसलेलं असतं की हे विचारायचं आम्हालाही सुचलं नव्हतं. त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये दुसऱ्या जागेची सोय किंवा तिचं भाडं मागता येतं. तसा अर्ज केला. तारखा चालू आहेत.

निकालाची वाट न पाहता तिने जुन्या शेजारणीच्या ओळखीने धारावीत दहा बाय बाराची खोली घेतली. संडास पुन्हा बाहेर. संध्याकाळचं एक काम परत मिळालं. करार झाला त्या दिवशी कागद घेऊन केंद्रात आली आणि म्हणाली, "माझं नाव आहे तेवढं वाचून दाखवा." मी वाचलं. मग मुलीकडे कागद देऊन तिलाही वाचायला लावलं.