गप्प केलेले जनुक



चांगले चाललेले जनुक मुद्दाम बंद कशाला पाडायचे, असा प्रश्न आजचा विषय वाचून तुमच्यापैकी अनेकांना पडला असेल. तेही डीएनएची दुरुस्ती करणारे जनुक, आणि विषाणूच्या मदतीने! ऐकायला हा उपद्व्याप वाटतो. पण त्यामागे प्रयोगशास्त्रातली एक जुनी अडचण आहे.

वैशाखाच्या उन्हात तासभर हिंडलो की त्वचेच्या पेशींतल्या डीएनएवर अतिनील किरणांमुळे असंख्य ठिकाणी शेजारशेजारची दोन अक्षरे एकमेकांना चिकटून बसतात. पेशीतली प्रथिने असा भाग शोधतात, दोन्ही बाजूंनी कापतात, तिसेक अक्षरांचा तुकडा काढून टाकतात आणि समोरचा धागा वाचून रिकामी जागा भरतात. ही यंत्रणा उलगडणारे अझीझ सँकार २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी होते. ज्या मुलांत ही यंत्रणा जन्मतःच अधू असते, त्यांना झिरोडर्मा पिग्मेंटोसम हा आजार होतो. थोड्याशा उन्हाने त्वचा भाजते, चेहऱ्यावर तपकिरी ठिपके दाटतात आणि अनेकांना दहाव्या वर्षाच्या आतच त्वचेचा कर्करोग गाठतो. जपानमध्ये हा आजार युरोप-अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त आढळतो आणि तिथल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत एक्सपीए हे एकच जनुक बिघडलेले असते.

१९६८ मध्ये कॅलिफोर्नियात जेम्स क्लीव्हर यांनी या रुग्णांच्या पेशी तपासल्या. अतिनील किरण देऊन त्यांनी पेशींना किरणोत्सर्गी थायमिडीन पुरवले. दुरुस्ती होत असेल तर ते डीएनएत बसते आणि वर लावलेल्या फिल्मवर काळे कण उमटतात. निरोगी पेशींच्या केंद्रकांवर कणांची दाटी झाली. रुग्णांच्या पेशींवर ते जेमतेम दिसले. कर्करोगाचे मूळ दुरुस्तीतल्या दोषात असू शकते, हे त्या काळ्या कणांनी दाखवले.

आता अडचण. रुग्णाची पेशी आणि निरोगी माणसाची पेशी यांत फक्त ते एक जनुक वेगळे नसते. दोन माणसांच्या डीएनएत लाखो ठिकाणी फरक असतात. मग दिसलेला परिणाम त्या जनुकामुळेच झाला, हे छातीठोकपणे कसे सांगणार? हवी ती जुळी पेशी: सगळे तेच, फक्त एक जनुक मुके.

अशी पेशी बनवण्याची वाट १९९८ मध्ये दिसली. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीत दुपदरी आरएनए सोडून हवे ते जनुक गप्प करून दाखवले. २००६ चे वैद्यकाचे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. २००१ मध्ये हीच युक्ती मानवी पेशींतही चालली. जनुकाला धक्का लागत नाही. त्याचा निरोप घेऊन निघालेला आरएनए वाटेतच कापला जातो आणि प्रथिन तयार होत नाही. पण बाहेरून सोडलेला आरएनए काही दिवसांत संपतो. महिनोन्‌महिने गप्प ठेवायचे, तर असा आरएनए घडवणारे यंत्रच पेशीत बसवायला हवे.

तिथे विषाणू कामाला येतो. लेंटिव्हायरस हे विषाणू आपला मजकूर थेट पेशीच्या गुणसूत्रात घुसवतात. कुठे घुसवतील ते आपल्या हाती नसते. एप्स्टाइन-बार विषाणू, जो बहुतेक प्रौढांच्या शरीरात आयुष्यभर निमूट पडून असतो, तो भिंत न फोडता राहणारा भाडेकरू. त्याचा डीएनए केंद्रकात वेगळे वर्तुळ होऊन राहतो आणि पेशीबरोबर दुप्पट होतो. त्यातले एक प्रथिन आणि डीएनएचा एक तुकडा एवढेच उचलले की त्या यंत्राचा वाहक तयार. त्यातून विषाणू जन्मत नाही, संसर्गही होत नाही.

फ्रान्समध्ये डेनिस बियार आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अशाच वाहकाने प्रयोगशाळेतल्या हेला पेशींतली एक्सपीए आणि एक्सपीसी ही जनुके महिनोन्‌महिने गप्प ठेवली. अशा पेशींची परीक्षा साधी असते. बशीतला पोषकद्रव आधी ओढून काढतात, कारण तोच अतिनील किरण शोषून घेतो. झाकण उचलून काही सेकंद दिवा लावतात, नवा द्रव घालतात आणि दहा-पंधरा दिवस थांबतात. मग जांभळा रंग टाकला की जगलेल्या प्रत्येक पेशीची वसाहत ठिपका होऊन दिसते. जनुक बोलत असलेल्या जुळ्यांच्या बशीत ठिपकेच ठिपके, गप्प केलेल्यांच्या बशीत तुरळक. मला सगळ्यात आवडते ते पुढचे. हायग्रोमायसिन हे औषध बशीत असते तोवर वाहक बाळगणाऱ्या पेशीच तगतात. ते थांबवले की पिढ्यान्‌पिढ्या वाहक गळत जातो आणि जनुक पुन्हा बोलू लागते. दोष गेला, सहनशक्ती परतली, तर शंकेला जागा कुठे उरली?

मर्यादाही आहेत. गप्प म्हणजे शून्य नव्हे. थोडे प्रथिन उरतेच आणि कधी तेवढ्यावरही काम भागते. आरएनए चुकून भलत्याच निरोपालाही कापतो. शिवाय हेला पेशी १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून, त्यांना न विचारता घेतलेल्या. त्यांत पॅपिलोमा विषाणूचे एक प्रथिन पेशीच्या पी५३ या प्रथिनाचा सतत नाश करत असते. इजा झालेल्या पेशीने मरावे की थांबावे हे ठरवण्यात पी५३ चा मोठा वाटा. तेव्हा मरणाचे आकडे या पेशींवरून मांडताना हात आखडता घ्यावा, असे माझे मत आहे.

हा रुग्णावरचा उपचार नव्हे, हेही सांगायला हवे. इथे आजाराची नक्कल बशीत बनवली जाते. पण दुरुस्तीचा अभ्यास उपचारापर्यंतही पोहोचतो. त्याच वर्षी, २००५ मध्ये, ब्रिटनमधल्या दोन गटांनी दाखवले की बीआरसीए हे दुरुस्तीचे जनुक बिघडलेल्या पेशींत पार्प हे दुरुस्तीचे दुसरे प्रथिन अडवले की त्या पेशी मरतात. त्यातूनच पुढे कर्करोगावरचे ओलापरिब हे औषध २०१४ मध्ये बाजारात आले.

आज क्रिस्पर या तंत्राने जनुक कायमचे पुसता येते, मग गप्प करण्याची गरज काय? एक्सपीबी आणि एक्सपीडी ही जनुके घ्या. त्यांची प्रथिने दुरुस्ती करतातच, पण जनुकांचा निरोप लिहायला सुरुवात करून देण्याचे कामही त्यांच्याकडेच असते. ती पूर्ण पुसली तर पेशीच मरते. त्यांचा अभ्यास करायचा तर आवाज फक्त कमी करावा लागतो.