आधी ऐकायचे, मग ऐकवायचे



साहित्याच्या व्यासपीठावर होमिओपॅथीच्या डॉक्टरने पॉडकास्टविषयी बोलावे, याचे काही जणांना नवल वाटले. दारातच एकांनी विचारले, ‘डॉक्टर, हे कधीपासून करालाय?’ त्यांना खरे सांगितले. एक चूक केली, त्यानंतर शिकले.

१९४६ साली आपल्या बेळगावात साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तेव्हा माझी आत्या आठ वर्षांची होती. वडिलांचे बोट धरून ती मंडपात गेली होती. पंच्याऐंशीव्या वर्षी एका संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवणे उरकल्यावर, मी तिच्यासमोर मोबाइल ठेवला. डोक्यावर पंखा चालू होता. ती गर्दीचे, पायातली चप्पल हरवल्याचे सांगत होती आणि मी मध्ये मध्ये विचारत होते, ‘महिना कुठला? अध्यक्ष कोण होते?’ तिसऱ्यांदा अडवल्यावर ती म्हणाली, ‘तुला सगळं म्हाईत आहे न्हवं, मग तूच सांग की!’ आणि गप्प बसली. पुन्हा कधीतरी बसू, असे आम्ही म्हटले. दोन महिन्यांनी ती गेली. बावीस मिनिटांचे ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. त्यात माझा आवाज स्वच्छ आहे आणि तिचा पंख्याच्या घरघरीमागे आहे.

डॉक्टर म्हणून मला याची जास्त लाज वाटली. डॉ. हॅनिमन यांनी ‘ऑर्गेनन’मध्ये सांगून ठेवले आहे की, रुग्ण बोलत असताना वैद्याने मध्ये तोंड घालू नये आणि त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. दवाखान्यात मी हे रोज पाळते. घरात विसरले. म्हणून सांगते, पॉडकास्ट करणाऱ्याला सर्वांत आधी ऐकता आले पाहिजे. यंत्राचे पुढचे सगळे शिकता येते.

सुरुवात खोलीपासून करा. गाद्या, पडदे, कपड्यांचे कपाट असलेली लहान खोली निवडा, म्हणजे आवाज घुमत नाही. पंखा बंद ठेवा, मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. तो बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला ठेवा. काही शे रुपयांचा कॉलरला लावायचा माइक मिळाला तर उत्तमच. आधी एक मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. एवढे केले असते तर मला तो पंखा तेव्हाच ऐकू आला असता.

मग एकच मोकळा प्रश्न विचारा. ‘तुमच्या घरची दिवाळी कशी असायची?’ एवढा पुरे. साल, नावे शेवटी विचारा. ती व्यक्ती थांबली तर तुम्हीही थांबा, कारण आठवण यायला वेळ लागतो. आणि भाषा सुधारू नका. आजी ‘करालोय’ म्हणाल्या तर ते तसेच राहू द्या. पुण्याच्या छापील मराठीला सांभाळणारे पुष्कळ आहेत. आपली बेळगावी बोली आपणच जपली पाहिजे.

प्रसिद्ध करण्यापूर्वी बोलणाऱ्याची परवानगी घ्या, आणि ती रेकॉर्डिंगमध्येच घ्या. भाऊबंदकी, आजारपण, शेजाऱ्यांची भांडणे ओघात येतात. ती वगळा. रुग्णाचे गुपित जसे दवाखान्याबाहेर जात नाही, तसेच हे. मूळ रेकॉर्डिंगला हात लावू नका. त्याच्या प्रती दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा आणि कापाकापी दुसऱ्या प्रतीवर करा.

त्यासाठी संगणकावर ‘ऑडॅसिटी’ नावाचे मोफत साधन आहे. खोकला, फोनची रिंग, दारावरची बेल काढा. श्वास आणि विराम मात्र राहू द्या. शेवटी एमपी३ फाइल तयार करा. नुसत्या बोलण्यासाठी ६४ केबीपीएस मोनो पुरते. मिनिटाला साधारण अर्धा एमबी, म्हणजे वीस मिनिटांचा भाग दहा एमबीच्या आत बसतो. पार्श्वसंगीत म्हणून सिनेमाचे गाणे उचलू नका. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वहक्क त्यांच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे टिकतो, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळाच असतो.

आता प्रसिद्धी. पॉडकास्ट हे मासिकासारखे समजा. फाइल म्हणजे अंक. ‘होस्टिंग’ ही तो अंक ठेवायची जागा. ‘फीड’ ही अंकांची यादी. नवा अंक आला की ती यादी वर्गणीदाराच्या मोबाइलला आपोआप कळवते. स्पॉटिफायच्या ‘स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स’वर ही जागा मोफत मिळते. तिथे खाते उघडा, नाव द्या, भाषा मराठी निवडा आणि चौरस मुखपृष्ठ चढवा. ३००० बाय ३००० पिक्सेलचे चित्र सगळीकडे चालते. प्रत्येक भागाखाली चार ओळी लिहा, त्यात गावाचे नाव जरूर घाला, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. फीडचा पत्ता एकदा ॲपल पॉडकास्टकडे नोंदवला की पुढचे भाग तिथेही आपोआप पोचतात. तीन-चार भाग तयार झाल्यावरच पहिला प्रसिद्ध करा, नाहीतर दुसऱ्या अंकालाच खंड पडतो.

ऐकणारे किती मिळतील, असे मला नेहमी विचारतात. कदाचित चाळीस. पण त्या चाळीसात अमेरिकेत वाढणारा तुमचा नातूही असेल, आणि पणजीचा आवाज त्याने पहिल्यांदाच ऐकलेला असेल.

१९४६ चे ते संमेलन ज्यांना आठवते ती माणसे आता पंचाऐंशीच्या पुढे आहेत. चांगला माइक पुढच्या महिन्यात मागवू, असे म्हणू नका. येत्या रविवारी त्यांच्या शेजारी बसा, पंखा बंद करा, एक प्रश्न विचारा आणि गप्प राहा.