दुपारचे ऊन आणि संध्याकाळचा दिवा

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



या सभागृहात मी यापूर्वी उभा राहिलो तो आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत. भाषण रंगात आले असताना वीज गेली आणि परीक्षकांनी मला अंधारातच ते पुरे करायला लावले. पुढे माझी सारी नोकरी भारप्रेषणात, म्हणजे कोणत्या केंद्राने किती वीज सोडायची आणि ती कुठे धाडायची हे ठरवण्याच्या कामात गेली. हा निव्वळ योगायोग. त्या दिवशी बक्षीस मात्र दुसऱ्या शाळेने नेले.

आजचा विषय एका पालकांच्या प्रश्नातून निघाला. त्यांचा मुलगा कोरब्याच्या एका औष्णिक केंद्रात शिकाऊ म्हणून लागला आहे. ते म्हणाले, "काका, घरोघरी छपरांवर सोलर पॅनेल बसत आहेत. उद्या कोरब्याची गरज उरेल का? की पोराला आताच दुसरीकडे वळवू?" या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता आले नाही, म्हणून मुख्याध्यापकांकडून पाऊण तास मागून घेतला.

पहिली गोष्ट अशी की ग्रीड म्हणजे बँक नव्हे. दुपारी छपरावर तयार झालेली वीज आपण ग्रीडला देतो, मीटरवर तिची नोंद होते आणि ती कुठेतरी आपल्या नावे ठेवलेली आहे असे वाटते. प्रत्यक्षात ती त्याच क्षणी दुसऱ्या कुणाच्या पंख्यात वा भट्टीत संपलेली असते. ज्या क्षणी जितकी वीज वापरली जाते, त्याच क्षणी तितकीच निर्माण व्हावी लागते. हा तोल राखला जातो की नाही, हे वारंवारता सांगते. आपल्याकडे ती ५० हर्ट्झ असावी लागते. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की देशभरातली जनित्रे किंचित मंदावतात, आणि वारंवारता उतरते.

१९९० च्या दशकात पश्चिम विभागात ही वारंवारता ४८.५ च्या आसपास रेंगाळत असे. ग्रीडच्या वारंवारतेवर चालणारे घड्याळ अशा वेळी तासाला जवळजवळ दोन मिनिटे मागे पडते. आमच्या कार्यालयात तसे एक घड्याळ होते आणि उशिरा येणाऱ्यांना ते फार प्रिय होते. जुलै २००२ पासून पश्चिम विभागात वारंवारतेशी जोडलेले दर आले. टंचाईच्या वेळी जादा वीज ओढणाऱ्या राज्याला भुर्दंड बसू लागला आणि शिस्त आली. आज ४९.९० ते ५०.०५ एवढ्या अरुंद पट्ट्यात वारंवारता राखावी लागते.

या व्यवस्थेत आता सूर्य आणि वारा आले आहेत. कोळशाच्या संचाला आम्ही आदेश देऊ शकतो, सूर्याला देता येत नाही. दुपारी सौरवीज भरभरून येते आणि संध्याकाळी, नेमके घरोघरी दिवे, टीव्ही आणि कूलर सुरू होण्याच्या वेळी, ती निघून जाते. सूर्यास्त निदान पंचांगात दिलेला असतो, ढग पंचांगात नसतो. वैशाखात दुपारी वळीव दाटून येतो तेव्हा एखाद्या सौर प्रकल्पाची निर्मिती काही मिनिटांत निम्म्यावर येऊ शकते. शिवाय कोळशाच्या जनित्रात शेकडो टनांचे लोखंड फिरत असते. अचानक धक्का बसला तर त्या फिरण्याचा जोर काही सेकंद तोल सावरतो. सौर पॅनेलमध्ये फिरणारे काहीच नाही.

असा धक्का सोसता येतो का? ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवण्याचे आवाहन झाले होते. मागणी बारा ते चौदा हजार मेगावॉटने घटेल असा अंदाज होता, प्रत्यक्षात ती एकतीस हजारांनी घटली. त्या रात्री देशाला तारले ते पाण्याने. जलविद्युत केंद्रांनी आपली निर्मिती काही मिनिटांत सतरा हजार मेगावॉटहून अधिक खाली आणली आणि दिवे लागताच पुन्हा वर चढवली. वारंवारता ४९.७० ते ५०.२६ या मर्यादेत राहिली. त्या नऊ मिनिटांत देशभरच्या नियंत्रण कक्षांत जे झाले, ते आता रोजच्या संध्याकाळचे काम होणार आहे. वेग कमी, पण आवाका मोठा.

मात्र आपल्या छत्तीसगडकडे पाणी थोडे आहे. हसदेव बांगोचे जलविद्युत केंद्र १२० मेगावॉटचे, तर त्याच जिल्ह्यातले एनटीपीसीचे कोरबा केंद्र २६०० मेगावॉटचे. म्हणून संध्याकाळचा भार आपल्याकडे कोळशाच्या संचांवरच येतो. पूर्वी या संचांचे काम सरळ होते: पूर्ण भाराने, अखंड, महिनोन्‌महिने चालणे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांनी हे चित्र बदलले. संचाने गरज पडल्यास क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंत उतरले पाहिजे. म्हणजे ५०० मेगावॉटचा संच दुपारी २०० वर आणायचा आणि दिवेलागणीला पुन्हा वर न्यायचा.

कागदावर हे सोपे वाटते. बॉयलरपाशी उभे राहिलेल्या माणसाला विचारा. कमी भारावर भट्टीतली ज्योत अस्थिर होते आणि कधीकधी तिला तेलाचा आधार द्यावा लागतो. दर युनिटमागे कोळसा अधिक जळतो. सर्वांत वाईट म्हणजे जाड भिंतींचे नळ आणि टर्बाइनचा दांडा रोज तापतात, रोज निवतात. तार वारंवार वाकवली की तुटते, तोच प्रकार. हे संच अशा राबणुकीसाठी बांधलेले नव्हते. या झिजेचा खर्च कुणी सोसायचा, हा वाद वीज नियामक आयोगांसमोर पुढली अनेक वर्षे चालेल. माझे मत विचाराल तर तो खर्च सौरविजेच्या किमतीतच धरला पाहिजे. दुपारची स्वस्त वीज आणि संध्याकाळची खात्रीची वीज या दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्यांची किंमत एका तागडीत तोलू नये.

दुसरा उपाय साठवणुकीचा. आपल्या शेजारी राजनांदगाव जिल्ह्यात सेकी या केंद्रीय महामंडळाचा १०० मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे लोकार्पण झाले, तेव्हा त्याच्या जोडीची बॅटरी देशातील सर्वांत मोठी मानली गेली. ती ४० मेगावॉट वीज तीन तास देऊ शकते, म्हणजे एकूण १,२०,००० युनिट. दिवसाला दहा युनिट वापरणाऱ्या बारा हजार घरांचा हा एका दिवसाचा वापर झाला. पण एनटीपीसीचे कोरबा केंद्र पूर्ण भाराने चालले तर तेवढी वीज पावणेतीन मिनिटांत देते, आणि आपल्या राज्याची उन्हाळ्यातली कमाल मागणी सहा हजार मेगावॉटच्या पुढे गेली आहे. मी राजनांदगावला हसत नाही. दुपारचे ऊन संध्याकाळी वापरता येते, हे तिथे रोज सिद्ध होते आहे. फक्त तो आरंभ आहे, एवढे ध्यानात असावे.

महाराष्ट्रात घाटघर येथे २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. वीज मुबलक असताना खालचे पाणी वरच्या धरणात चढवायचे आणि टंचाईच्या वेळी ते सोडायचे. आपल्याकडेही हसदेव बांगो, सिकासार अशा जागांचा विचार चालू आहे. तिथे जंगल आहे, माणसे आहेत. त्यांना विचारल्याशिवाय नकाशावर रेघ ओढू नये.

वाऱ्याचे गणित निराळे. आपल्याकडे पवनऊर्जा नाहीच म्हणा. पण साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर आणि तमिळनाडूत पावसाळ्यात वारा जोर धरतो, ढगांमुळे सौरवीज कमी पडते त्याच काळात. रायगड ते तमिळनाडूतील पुगलूर ही ८०० किलोव्होल्टची वाहिनी २०२०-२१ मध्ये कार्यान्वित झाली. (कोकणातले रायगड नव्हे, आपले. नागपूरचे पाहुणे नेहमी चुकतात.) सहा हजार मेगावॉट क्षमतेची ही वाहिनी आपली कोळशाची वीज दक्षिणेला नेते आणि तिकडे वारा उदंड झाला की तीच वीज उलट दिशेने इकडे आणू शकते. अशा वाहिन्या वेळेवर उभ्या राहिल्या नाहीत तर काय होते, हे राजस्थानने २०२५ मध्ये पाहिले: ऊन होते, पॅनेल होते आणि निर्मिती कमी करण्याचे आदेश द्यावे लागत होते.

तिसरा उपाय आपल्या हातातला. वीज उन्हामागे धावत नसेल तर वापर उन्हामागे न्यावा. वर्धा-नागपूरकडे ज्यांचे आप्त शेती करतात, त्यांनी रात्री दोनला उठून, साप-विंचवांतून पंप सुरू करायला जाणारी माणसे पाहिली असतील. महाराष्ट्राची सौर कृषी वाहिनी योजना तोच पंप दिवसा चालवू पाहते. त्यात शेतकऱ्याचीही सोय आहे आणि ग्रीडचीही. उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांना आजवर रात्रीची वीज स्वस्त म्हणून रात्रपाळीचे गणित जमत असे. २०२३ मध्ये केंद्राने नियम बदलून उन्हाच्या तासांतील दर किमान २० टक्के कमी ठेवण्याची तरतूद केली आहे. हे दर नीट रुजले तर कामगारांच्या पाळ्याही बदलतील. घरापुरते बोलायचे तर गिझर, पाण्याचा पंप, इस्त्री ही कामे दुपारी उरकता येतात. सूनबाईंनाच हे सांगू नका, स्वतः बटण दाबा.

आता त्या पालकांना उत्तर. कोरबा लगेच बंद पडणार नाही, पण आपण ओळखत होतो ते कोरबाही राहणार नाही. मुलाने तिथे जरूर शिकावे, मात्र संच पूर्ण भाराने कसा चालवावा एवढेच नव्हे, तर तो उतरवावा आणि चढवावा कसा, झिजेची चाहूल कशी घ्यावी, हे शिकावे. जमल्यास बॅटरीचे आणि हवामान अंदाजाचे शास्त्रही जोडून घ्यावे. तीस वर्षे एकाच भारावर संच चालवून निवृत्त होण्याचे दिवस मात्र त्याच्या वाट्याला येणार नाहीत, आणि हे त्याला आजच सांगितलेले बरे.

शाळेच्या छपरावर पॅनेल बसवण्याचा विचार असल्याचे मुख्याध्यापकांनी सांगितले. उत्तम. शाळा दिवसा भरते, म्हणजे वापर आणि ऊन यांची वेळ जुळते. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद असताना होणारी वीज ग्रीडला जाईल, तिच्या दराचा करार करण्यापूर्वी तो मला एकदा वाचायला द्यावा. घड्याळात अजून दहा मिनिटे दिसत आहेत. प्रश्न असतील तर घेतो, आणि आज वीज गेली तरी मी थांबेन.