पैसे कुणाच्या खात्यावर?



सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाडा पाण्याखाली गेला. सोयाबीन शेंगांसकट कुजलं, नदीकाठची माती खरडून गेली. ऑक्टोबरात महाराष्ट्र सरकारने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आज मी आकड्यावर भांडणार नाही. ते वर्तमानपत्रांनी पुष्कळ केलं. पण हिशेब समजून घेऊ. केंद्राच्या निकषाने कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, तेही किमान 33 टक्के नुकसान असेल तर; 2015 पूर्वी ही अट 50 टक्क्यांची होती. राज्याने रब्बीच्या बियाण्या-खतासाठी हेक्टरी 10,000 जोडले आणि दोन हेक्टरची मर्यादा तीनवर नेली. म्हणजे निकषाची रक्कम एकरी साडेतीन हजारांच्याही आत. तेवढ्यात शेत नीट करून पुन्हा पेरून दाखवा!

आता तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनामा करतात. यादी चढते, केवायसी होते, पैसे थेट खात्यात जातात. मधला दलाल गेला, हे चांगलंच झालं. पण खातं कुणाचं? सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याचं. बटईने किंवा ठोक्याने शेत करणाऱ्याने बियाणं, खत, फवारणी, मजुरी सगळं घातलेलं असतं. यादीत मात्र तो नसतो.

हे कोडं आपल्या हैदराबाद शहरातच तयार झालं आहे. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950. कसणाऱ्याला आधार द्यायला केलेला हा कायदा, आणि हैदराबाद राज्य 1956 मध्ये विभागलं गेल्यावर मराठवाडा आणि तेलंगण, दोन्हीकडे तो लागू राहिला. पुढे त्याच कायद्याच्या धास्तीने जमीनमालक करार कागदावर आणेनासे झाले. लिहून दिलं तर कूळ लागेल! (आपल्यापैकी किती घरांत हे वाक्य ऐकलं असेल, हात वर करायला सांगत नाही.)

तेलंगणाची कथाही सरळ नाही. मे 2018 मध्ये सुरू झालेल्या रयतु बंधू योजनेचे एकरी 4,000 रुपये हंगामाला पट्टादारालाच, म्हणजे जमीनमालकालाच मिळाले. कौलु रैतु, म्हणजे दुसऱ्याचं शेत कसणारा, वगळला गेला. तरी मार्च 2023 च्या गारपिटीनंतर खम्मम भागात जाऊन तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी एकरी 10,000 जाहीर करताना कौलु रैतुलाही मदत मिळेल असं सांगितलं. रक्कमही केंद्राच्या निकषाच्या जवळपास तिप्पट. 2011 मध्ये संयुक्त आंध्र प्रदेशाने अशा शेतकऱ्यांना परवानापत्रं देण्याचा कायदाच केला होता, म्हणजे मालकी न हलवता कसणाऱ्याची नोंद करता येते. माझ्या मते महाराष्ट्राने ई-पीक पाहणीत मालकाखेरीज कसणाऱ्याचं नाव घ्यावं आणि त्या नोंदीने कूळहक्क येणार नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहावं. दोघांची भीती एकदमच जाईल.

तोवर काय? या सभागृहात नांदेड, देगलूर, उदगीरकडे शेत असलेली आणि ते बटईने दिलेली माणसं बरीच बसली आहेत. मदतीचे पैसे तुमच्या हैदराबादच्या खात्यात येतात. ते आले की आधी गावाकडे फोन करा, कसणाऱ्याने घातलेला खर्च विचारा, आणि त्याचा हिस्सा त्याच आठवड्यात पाठवून द्या.