शब्द पेरावा, कोंबू नये

पुण्याहून नगरकडे येताना पारनेर तालुक्यात आमचे सुपा लागते. एका अंगाला औद्योगिक वसाहत, आणि जरा आत वळले की कांद्याची, मुगाची, डाळिंबाची रानं. ह्या भागातला माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी भेटायला आला. बी. ए. झालेला, घरी थोडी कोरडवाहू जमीन. नोकरी मिळेना, म्हणून तो घरबसल्या व्यापाऱ्यांसाठी इंटरनेटवर लेख लिहू लागला होता. माल विकणाऱ्याच्या संकेतस्थळावर लेख असला, म्हणजे शोधणाऱ्या गिऱ्हाइकाला ते दुकान सापडते. त्या लेखामागे ह्याला पैसे मिळत.

त्याने लिहिलेला एक लेख मी त्यालाच मोठ्याने वाचायला सांगितला. लेख होता डाळिंबाच्या रोपांवर. सुरुवात अशी: ‘डाळिंब रोपे सुपा हवी असतील तर डाळिंब रोपे सुपा येथे या, कारण आमची डाळिंब रोपे सुपा सर्वांत उत्तम.’ तिसऱ्या वाक्याला तो स्वतःच हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, “सर, हसून काय करू? मालकाने सांगितलंय, हे तीन शब्द वीस वेळा आले पाहिजेत. नाही आले तर पैसे कापतात.”

श्रोतेहो, ही एका मुलाच्या पोटाची गोष्ट आहे, आणि तो लेख वाचून रोपे घेणाऱ्या शेतकऱ्याच्या पैशाचीही आहे. म्हणून आज तिच्याविषयी आपणांशी बोलायचे आहे.

हे वीस वेळांचे खूळ आले कोठून, ते आधी पाहू. गूगलसारखे शोधयंत्र अब्जावधी पाने वाचून त्यांची सूची करून ठेवते. पुस्तकाच्या शेवटी असते ना, तशीच. आपण जे शब्द टाकून शोधतो त्यांना कीवर्ड, म्हणजे शोधशब्द, म्हणतात. सुरुवातीच्या काळात ही यंत्रे पानातील शब्दांवरच फार विसंबत. तेव्हा हिकमती लोकांनी एकच शब्द पानभर कोंबायला आरंभ केला. काहींनी तर पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत शब्द लिहून ठेवले. वाचणाऱ्याला दिसत नाहीत, यंत्राला मात्र दिसतात!

पण यंत्र चालवणारेही झोपलेले नव्हते. पानाच्या पोटात दडवलेली शोधशब्दांची यादी आपण क्रम लावताना विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ साली जाहीर केले. २०११ साली पोकळ लेखांना मागे सारणारी सुधारणा आली. तिचे नाव पांडा. २०१९ साली ‘बर्ट’ नावाची पद्धत आली. तिच्यामुळे वाक्यातील शब्दांचे एकमेकांशी नाते लक्षात घेणे यंत्राला पुष्कळ साधू लागले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती मराठीसह सत्तरांहून अधिक भाषांना लागू झाली. आज शब्द कोंबणे हा गूगलच्या नियमांप्रमाणे दोष आहे. असे पान मागे पडते, किंवा यादीतून वगळलेही जाते.

कोणी म्हणेल, बाजारात भाजीवाली ‘मेथी घ्या, मेथी’ असे शंभरदा ओरडतेच की! खरे आहे. पण तिच्यापुढून जाणारा माणूस दर वेळी नवा असतो. लेख वाचणारा मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच असतो. त्याच्या कानाशी वीस वेळा ओरडलात, तर तो पिशवी उचलून पुढच्या पालाकडे जाणार.

आता ह्या प्रश्नाची खास मराठी बाजू पाहा. आपल्या भाषेत शब्द वाक्यात शिरताना वाकतो. ‘सुपा’चे ‘सुप्यात’ होते, ‘कांदा’ असेल तर ‘कांद्याला’, ‘डाळिंब’ असेल तर ‘डाळिंबाची’. शिक्षकबंधूंनो, ह्याला आपण सामान्यरूप म्हणतो आणि मुलांकडून घोकून घेतो. शोधताना माणूस घाईत ‘डाळिंब रोपे सुपा’ एवढेच टाकतो, ते ठीक. पण लिहिणाराही तेच तुकडे जसेच्या तसे वाक्यात बसवू लागला, तर ती मराठी राहत नाही. तेव्हा शब्दाला वाकू द्या. ‘सुप्यात डाळिंबाची रोपे कोठे मिळतील?’ असे सरळ लिहा. शंका वाटली तर मूळ रूप शीर्षकात एकदा येऊ द्या. पाकिटावर पत्ता एकदा नीट लिहिला की पुरतो. वीसदा लिहिल्याने पोस्टमन लवकर येत नाही.

मग आम्ही दोघे त्या लेखाला पुन्हा बसलो. मी त्याला विचारले, “अरे, रोपवाटिकेत आलेला शेतकरी काय काय विचारतो?” त्याला ठाऊक नव्हते. तो दोन दिवस तिथे जाऊन बसला आणि वहीत प्रश्न टिपून आला. रोप गुटीचे आहे का? किती महिन्यांचे? वाण भगवाच ना? एकराला किती लागतील? आणि सगळ्यांत कळीचा प्रश्न: ज्या झाडापासून रोप केले, त्या बागेत तेल्या तर नव्हता?

हा शेवटचा प्रश्न साधा नव्हे. तेल्या हा जिवाणूंचा रोग; रोगट रोपाबरोबर तो नव्या बागेत येतो आणि शेतकऱ्याची काही वर्षांची मेहनत मातीत जाते. पहिल्या लेखात ‘डाळिंब रोपे सुपा’ वीसदा होते, पण तेल्याचे नाव एकदाही नव्हते! त्या लेखाच्या भरवशावर कोणी रोपे नेली असती, तर डोळे मिटूनच नेली असती.

नव्या लेखात प्रत्येक प्रश्नाला एक परिच्छेद दिला. साडेचार बाय तीन मीटर अंतर धरले तर एकराला सुमारे ३०० रोपे लागतात, हा हिशेब मांडला. रोपे घेण्याआधी मातृबाग पाहून या, हेही लिहिले. लिहून झाल्यावर मोजले, तर ‘रोप’ आणि ‘डाळिंब’ हे शब्द आपापल्या विभक्तीत जागोजाग आलेले होते. कोंबावे लागलेच नाहीत. प्रश्नाचे खरे उत्तर दिले की प्रश्नातले शब्द त्यात येतातच.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. लोखंडी नांगराने जमिनीत विष उतरते, अशी समजूत होती त्या काळात लक्ष्मणराव किर्लोस्करांना नांगर विकायचे होते. पुढे १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे ते पत्र शंकरराव किर्लोस्करांच्या हाती वाचनीय मासिक झाले, आणि महाराष्ट्राने ते घरात ठेवले. नुसते ‘आमचा नांगर घ्या’ असे पानोपानी छापले असते, तर ते कोणी जपले असते?

लिहिणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी सांगतो. विषयाचा मुख्य शब्द शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात सहज येऊ द्या. लोकांच्या तोंडचा शब्द निवडा: ‘सूक्ष्म सिंचन’ कागदावर शोभते, पण शेतकरी ‘ठिबक’ शोधतो. नावे बदलली तर दोन्ही एकदा सांगा; आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तरी पुष्कळांच्या तोंडी अजून नगरच आहे. आणि शेवटी लेख मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते, तिथे शब्द कोंबलेला आहे असे समजा. आता लेख यंत्रही लिहून देते, पण रोपवाटिकेत बसून प्रश्न ऐकण्याचे काम ते आपल्यासाठी करीत नाही.

शिक्षकांना एक विनंती. वर्गातल्या मुलांना गावातून दहा प्रश्न गोळा करून आणायला सांगा, आणि एकेकाचे उत्तर पंधरा ओळींत लिहायला लावा. निबंधाहून हा अभ्यास त्यांना अधिक उपयोगी पडेल.

त्या मुलाचे पुढे काय झाले? मालक आधी कुरकुरला. ‘शब्द कमी पडले’ म्हणून त्याने त्या खेपेचे पैसे कापलेच. दुसऱ्या एका व्यापाऱ्याने तर काम काढून घेतले. पण काही आठवड्यांनी रोपवाटिकेत फोन आला: “तुमच्या लेखात मातृबाग बघा म्हणून लिहिलंय. कधी येऊ बघायला?” मालकाने तो फोन ह्या मुलाच्या हाती दिला. एका लेखाने त्याचे दैन्य फिटले, असे मी म्हणणार नाही. मात्र पुढचा लेख देताना मालकाने शब्द किती वेळा हवा, ते सांगितले नाही.