रेंज अडते कुठे?

'रेंज नाही' हे शब्द आपल्याकडे आता 'लाइन गेली'इतकेच घरगुती झाले आहेत. बाभुळगावच्या चौकात फोन नीट चालावा आणि गावाबाहेर वावरात गेलं, की बोलणं तुटावं, हा अनुभव कोणाला नाही? त्यात २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. तेव्हापासून वावरातली रेंज ही नुसती गप्पांची सोय उरलेली नाही.

मग टॉवरची लहर कुठे पोचेल आणि कुठे अडेल, हे आधीच हिशेब करून सांगता येईल का? श्रोतेहो, बऱ्याच अंशी येतं. अभियांत्रिकीच्या मुलांना मी हा विषय आग्रहानं सुचवतो, तो त्यासाठीच.

जुनी रीत सरासरीची. जपानच्या ओकुमुरा यांनी टोकियो परिसरात घेतलेली मोजमापं १९६८ साली प्रसिद्ध झाली आणि १९८० मध्ये हाता यांनी त्यांवरून सूत्रं बसवली. ती जगभर वापरली गेली. पण अमुक अंतरावर साधारण एवढी ताकद, इतकंच ती सांगतात. तुमच्याच गोठ्यामागे फोन का मुका होतो, हे त्यांना विचारून उपयोग नाही.

दुसरी रीत किरणांची. टॉवरपासून लाखो किरण चहूकडे सुटले असं धरायचं आणि एकेकाचा माग काढायचा. टिनावर आपटलेला किरण जवळजवळ सगळा उलटतो. मातीच्या भिंतीवर थोडा परततो, थोडा आत शिरतो. भिंत पावसानं भिजलेली असेल तर आणखी क्षीण होतो. छपराच्या कडेवरून काही भाग वळून पलीकडे उतरतो. हा हिशेब साध्या संगणकाला फार वेळ खातो.

इथे कामाला येतं ते जीपीयू, म्हणजे मुळात व्हिडिओ गेमची चित्रं रंगवायला केलेलं कार्ड. कापूस वेचणीला एकच बाई लावली तर वावर उरकायला महिना जाईल. पण प्रत्येक तासावर एक बाई धरली, तर सगळ्या सोबतच पुढे सरकतात, कोणी कोणासाठी थांबत नाही. किरणांचंही तसंच. एकाचा मार्ग दुसऱ्यावर अवलंबून नसतो, म्हणून कार्डातले हजारो छोटे गणक एकाच वेळी कामाला लागतात.

यासाठी एनव्हिडिया कंपनीनं 'सिओना' नावाचं साधन २०२२ मध्ये खुलं केलं, किरणांचा भाग २०२३ मध्ये जोडला. ते फुकट मिळतं. सोबत नमुन्याला म्युनिक शहर तयार आहे. बाभुळगाव नाही! ते विद्यार्थ्यालाच उभं करावं लागेल: कोणतं घर स्लॅबचं, कोणतं कवेलूचं, कुठे टिन, कुठे नुसती माती.

आणि पीक? खरी मेख तिथेच आहे. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटर लांब, तर फाइव्ह-जीची ३५०० मेगाहर्ट्झची जेमतेम साडेआठ. आखूड लहर पानाफांद्यांत जास्त विखुरते, आणि पानातलं पाणी तिची ताकद शोषतं. उन्हाळ्यात मोकळ्या वावरावर केलेला हिशेब तूर उभी असताना चालणार नाही.

प्रकल्पांच्या प्रदर्शनात रंगीत नकाशे खूप दिसतात. लाल भाग, निळा भाग, पाहुणे खूश. मी एकच विचारतो, 'यातल्या किती ठिकाणी जाऊन मोजलं?' बहुतेक वेळा उत्तर येत नाही. मोजणीला महाग कार्ड लागत नाही. ताकदीचा आकडा दाखवणारा फोन, वही आणि चालायची तयारी पुरते. जुलैत ओल्या भिंती, नोव्हेंबरात डोक्याएवढी तूर, मार्चात मोकळं वावर: शेवटच्या वर्षाच्या मुलांना तिन्ही सापडतात, फक्त पहिली फेरी कॉलेज सुरू होताच मारावी लागते.